सांगायचे कोणापाशी? (पंडिता रमाबाईंची जीवनकथा)

द्वितीय वर्ष कला

परीक्षेच्या दृष्टीने पंडिता रमाबाई म्हणजे दोन ओळी. शारदा सदन, मुंबई, १८८९. मुक्ती सदन, केडगाव, १८९८. टीपा लिहा, गुण चार. गेल्या वर्षी मीही तेवढेच पाठ केले आणि चारांपैकी तीन गुण मिळवून मोकळी झाले. यंदा वार्षिकांकासाठी एखादे चरित्र लिहावे म्हणून ग्रंथालयातून दोन-तीन पुस्तके घरी नेली. वाचता वाचता ध्यानात आले की, ज्या गोष्टीविषयी आम्ही मुली बसथांब्यावर एकमेकींच्या कानाशी लागून बोलतो आणि कोणी जवळ आले की विषय बदलतो, ती गोष्ट या बाईंनी सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी वर्तमानपत्रात आपल्या नावानिशी लिहिली होती.

तो विषय कोणता हे आधीच सांगते, म्हणजे वाचकांचा गैरसमज व्हायला नको. स्त्रीच्या अंगावर होणारा अत्याचार, आणि तो झाल्यावर तिने सांगायचे कोणापाशी?

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. बाबा रापणीवर जातात, आई मासळीची पाटी घेऊन बाजारात बसते. माझ्याबरोबर त्याच गाडीने येणारी आमच्या वाडीच्या पलीकडची एक मुलगी होती. परतीच्या वाटेवर एक माणूस रोज तिला त्रास देई. दोन महिने तिने कोणाला सांगितले नाही. शेवटी घरी सांगितले, आणि घरच्यांनी तोड काढली ती अशी, की तिचे कॉलेज बंद! त्या माणसाचे काहीच बंद झाले नाही. तो अजून त्याच थांब्यावर उभा असतो. ही मुलगी माझ्या डोक्यात असतानाच मी रमाबाईंचे चरित्र वाचले, म्हणून ते मी बहुधा चार गुणांच्या टिपेपेक्षा निराळ्या नजरेने वाचले असावे.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी पश्चिम घाटातील गंगामूळ येथे अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान. स्त्रियांना संस्कृत शिकवू नये असा तो काळ. तरी त्यांनी आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवले आणि त्यापायी पंडितांच्या सभेत स्वतःचा बचाव करण्याची पाळी त्यांच्यावर आली. गावात राहून हे जमणार नाही म्हणून त्यांनी रानात आश्रम थाटला. पुढे कर्ज झाले, आश्रम सुटला. रमाबाई सहा महिन्यांच्या असताना त्यांना वेताच्या टोपलीत घालून हे कुटुंब जे बाहेर पडले ते तीर्थयात्रेच्या वाटेवरच राहिले. देवळाच्या ओवरीत बसून पुराण सांगायचे, लोक देतील त्यावर गुजराण करायची, पुढच्या गावी चालू लागायचे. आईनेच रमाबाईंना शिकवले. पंधरा वर्षांच्या होईतो भागवताचे हजारो श्लोक त्यांना मुखोद्गत होते. शाळेची इमारत त्यांनी पाहिली नव्हती.

१८७४ च्या सुमारास दक्षिणेत अन्नान्न दशा झाली. जवळचे भांडे, दागिना, सर्व विकून झाले. काही महिन्यांच्या अंतराने वडील गेले, आई गेली, मोठी बहीण गेली. आईच्या तिरडीला चार माणसेही मिळेनात. कसेबसे दोघे ब्राह्मण आले. तिसरा भाऊ श्रीनिवास आणि चौथ्या रमाबाई. त्यांची उंची कमी, तिरडी खांद्याला लागेना, म्हणून त्यांनी ती डोक्यावर घेतली. स्मशान तीन मैल दूर! हा प्रसंग वाचून मी पुस्तक मिटले आणि थोडा वेळ पडवीत जाऊन बसले. त्या तेव्हा आमच्यापेक्षाही लहान होत्या.

मग भाऊ-बहीण दोघेच उत्तरेकडे चालत राहिले. थंडीत पांघरूण नाही म्हणून नदीकाठच्या वाळूत खड्डे खणून, गळ्यापर्यंत कोरडी वाळू ओढून ती दोघे रात्र काढीत. या दिवसांविषयी पुढे लिहिताना रमाबाईंनी एक गोष्ट कधी विसरू दिली नाही. वाटेवरच्या भुकेल्या मुलीवर भुकेखेरीज आणखीही संकटे असतात. त्यांच्यापाशी निदान भाऊ होता.

१८७८ मध्ये ही दोघे कलकत्त्याला पोचली. तेथील विद्वानांनी या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेतली आणि तिला पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. एका दिवसात तिचे नाव सर्व हिंदुस्थानभर झाले. १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. जात वेगळी, भाषा वेगळी, त्यामुळे दोन्हीकडून बहिष्कार. १८८१ मध्ये मनोरमेचा जन्म झाला आणि १८८२ च्या फेब्रुवारीत मेधावी पटकीने गेले. तेविसाव्या वर्षी कडेवर मूल घेऊन विधवा! इतके सर्व घडायला आमच्यापैकी कोणाला तीन जन्म लागतील.

त्या पुण्यास आल्या. न्यायमूर्ती रानडे प्रभृतींनी त्यांचे स्वागत केले. आर्य महिला समाज स्थापन झाला, 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक निघाले. त्याच वर्षी सरकारने शिक्षणाच्या चौकशीसाठी नेमलेले हंटर कमिशन पुण्यास आले, आणि त्यापुढे रमाबाईंनी साक्ष दिली. मुलींना शिकवायला स्त्री-शिक्षिका हव्यात आणि स्त्रियांना तपासायला स्त्री-डॉक्टर हव्यात असे त्यांचे मुख्य म्हणणे होते. आपल्या शरीराचे दुखणे स्त्री परक्या पुरुषाला सांगू शकत नाही, त्यामुळे किती जणी अकाली मरतात, हे त्यांनी कमिशनला स्पष्ट सांगितले. वरवर पाहता ही वैद्यकीची गोष्ट आहे. मला मात्र येथेच त्यांच्या पुढच्या आयुष्याचे सूत्र दिसते. ऐकणारे माणूस कोण, यावर स्त्री बोलेल की गप्प राहील हे ठरते.

वैद्यकी शिकावी या इच्छेने त्या १८८३ साली इंग्लंडला गेल्या. कान अधू असल्यामुळे तो बेत फसला. तेथेच त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. या एका गोष्टीवरून महाराष्ट्रात जे वादळ उठले ते त्यांच्या मृत्यूपर्यंत शमले नाही. धर्म बदलावा की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न, त्यावर मत देण्याइतकी माझी तयारी नाही. पण वाचताना एवढे जाणवले की त्यांच्या धर्माविषयी जितकी शाई खर्ची पडली, तिच्या दशांशानेही त्यांनी जवळ केलेल्या मुलींविषयी पडली नाही.

१८८६ मध्ये डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेस गेल्या आणि जवळजवळ तीन वर्षे राहिल्या. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर त्यांनी इंग्रजीत पुस्तक लिहिले ते १८८७ मध्ये प्रसिद्ध झाले. बालविवाह, सासर, वैधव्य या सर्वांचे चित्र त्यात आहे. त्याच वर्षी इकडे मुंबईत रखमाबाईंचा खटला गाजत होता. लहानपणी लावून दिलेल्या लग्नातील नवऱ्याकडे जाण्यास रखमाबाईंनी नकार दिला, तेव्हा नांदायला जा, नाही तर तुरुंगात जा, असा निकाल झाला. रमाबाईंनी परदेशातून लिहिलेल्या पत्रात या निकालावर आपला संताप व्यक्त केला आहे. स्त्रीच्या नकाराला कायद्याच्या लेखी काही मोल नाही, हे त्यांच्या तेव्हाच ध्यानात आले होते.

अमेरिकेत त्यांच्या नावाचे मंडळ निघाले, दहा वर्षांच्या खर्चाची हमी मिळाली, आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन उघडले. विधवांसाठी निवासी शाळा. पहिल्या विद्यार्थिनींत आपल्या कोकणातील देवरुखकडची गोदूबाई होती. आठव्या वर्षी विधवा झालेली ही मुलगी सदनात शिकली, आणि १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांच्याशी तिचा पुनर्विवाह झाला. त्याच बाया कर्वे. कर्व्यांच्या पुढच्या संस्थांच्या मुळाशी हे सदन आहे, हे मला आधी ठाऊक नव्हते.

१८९० च्या अखेरीस सदन पुण्यास आले. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करीत तेव्हा दार लावून घेत नसत. कोणा मुलीला येऊन बसावेसे वाटले तर तिने बसावे, नको तर येऊ नये. या उघड्या दारावरूनच १८९३ चे प्रकरण पेटले. सदनात मुलींना ख्रिस्ती करतात अशी ओरड झाली, रानडे व भांडारकर यांनी सल्लागार मंडळाचे राजीनामे दिले, आणि वीस-पंचवीस मुलींना त्यांच्या पालकांनी काढून नेले. त्या मुलींचे पुढे काय झाले असेल? ज्या घरातून सुटण्यासाठी त्या आल्या त्याच घरी परत. रमाबाईंनी दार लावून घेतले असते तर बरे झाले असते, असेही कधी कधी मनात येते. पण मग त्या रमाबाई राहिल्या नसत्या. दार लावून घेण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता.

यानंतरची पाच वर्षे मला सर्वांत महत्त्वाची वाटतात. चार गुणांच्या टिपेत ती येत नाहीत.

प्रथम त्या वृंदावनास गेल्या. पुण्यक्षेत्री गेलेल्या विधवांचे काय होते हे त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचे होते. पंडिता म्हणून गेले तर कोण काय दाखवणार? म्हणून यात्रेकरू बाईच्या वेषात त्या गल्ल्यांतून हिंडल्या. पंड्यांची माणसे एकट्या तरुण विधवांना गोड बोलून कशी आणतात, जागेचे भाडे आणि दोन वेळचे अन्न यांच्या बदल्यात त्यांच्याकडून काय मागितले जाते आणि वय झाल्यावर त्यांना कसे रस्त्यावर टाकतात, हे सर्व त्यांनी पाहिले आणि लिहिले.

१८९६ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. रमाबाई तिकडे धावल्या. सरकारी दुष्काळी कामे होती, अन्नछत्रे होती, गरीबखाने होते. कागदावर व्यवस्था ठीक होती. परंतु त्या आवारात शिरल्यावर त्यांना दिसले की मुली पळवणाऱ्या बायका व दलाल तेथे टपून बसलेले आहेत, आणि ज्यांच्या हाती धान्य वाटण्याचे काम तेच काही ठिकाणी तरुण मुलींची अब्रू घेत आहेत. भुकेल्या मुलीने तक्रार करावी तर कोणाकडे? ज्याच्याविरुद्ध तक्रार त्याच्याच हातात तिची भाकरी. रमाबाईंनी हेही लिहून प्रसिद्ध केले, आणि तीनशे मुली तेथून आणण्याचा निश्चय केला. पैसे नव्हते, जागा नव्हती. काही महिन्यांत तितक्या मुली आल्या. स्वतः वाळूच्या खड्ड्यात झोपलेल्या बाईला त्या मुलींना ओळखणे कठीण गेले नसावे.

तेवढ्यात पुण्यात प्लेग आला. १८९७ च्या फेब्रुवारीत रँडची नेमणूक झाली, गोरे सोल्जर घराघरांत शिरून झडती घेऊ लागले, संशयितांना इस्पितळात आणि त्यांच्या घरच्यांना विलगीकरणाच्या छावणीत नेऊ लागले. हा इतिहास आपण चापेकर बंधूंच्या संदर्भात वाचतो. त्याच वर्षीचे रमाबाईंचे प्रकरण मात्र फारसे कोणी सांगत नाही. सदनातल्या एका मुलीला प्लेगच्या इस्पितळात नेले, तेथून छावणीत ठेवले, आणि ती परत मिळाली नाही. मे महिन्यात रमाबाईंनी 'बॉम्बे गार्डियन' या इंग्रजी साप्ताहिकाला पत्र लिहून इस्पितळात आणि छावणीत स्त्रियांना कसे वागवले जाते, तरुण मुली तेथे कशा असुरक्षित आहेत, आणि आपली मुलगी कशी हरवली, हे सर्व आपल्या नावाने जाहीर केले.

जरा कल्पना करावी. ही बाई ख्रिस्ती, तिचे साहाय्यक गोरे, सरकारची मर्जी राखण्यात तिचा फायदा. पुण्यातले सनातनी तर चार वर्षांपूर्वीच तिच्यावर उलटलेले. म्हणजे या पत्रानंतर तिच्या बाजूने उभे राहायला कोणीच नव्हते. शिवाय आपल्याच संस्थेतील मुलीविषयी असे छापले तर संस्थेचे नाव खराब होईल, पालक मुली पाठवणार नाहीत, ही भीती होतीच. आजही अशा वेळी सर्वांच्या तोंडी पहिली गोष्ट हीच असते, की बाहेर बोलू नका, नाव जाईल. रमाबाईंनी संस्थेच्या नावापेक्षा मुलीचा शोध मोठा मानला.

प्रकरण विलायतेत पार्लमेंटपर्यंत गेले. मुंबई सरकारने तक्रार मान्य केली नाही, रमाबाईंनाच खोटे पाडले. त्याच उन्हाळ्यात नामदार गोखले इंग्लंडमध्ये होते. पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे त्यांनी सोल्जरांच्या अत्याचाराचा आरोप तेथे केला. पण परत आल्यावर पत्रे लिहिणारे पुढे येण्यास तयार झाले नाहीत, आणि गोखल्यांना जाहीर माफी मागावी लागली. गोखल्यांच्या माफीवर पुष्कळ लिहिले गेले आहे. त्या लोकांनी तोंड का उघडले नाही, याचा विचार करताना मला आमच्या वाडीपलीकडची ती मुलगी आठवते. सांगणाऱ्याचेच सर्व जाणार असेल तर पुढे कोण येईल?

आता थोडे विषयांतर. आपल्या कार्यालयाबाहेरच्या फलकावर अंतर्गत तक्रार समितीचा कागद लावलेला असतो. मी दीड वर्ष त्याच्या समोरून परीक्षेचे वेळापत्रक पाहायला गेले, तो कागद एकदाही वाचला नाही. हा लेख लिहिताना वाचला. २०१३ च्या कायद्याने आणि २०१५ च्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनी प्रत्येक महाविद्यालयात अशी समिती असावी लागते. तिची अध्यक्ष स्त्री, निम्म्याहून कमी नाहीत इतक्या सदस्य स्त्रिया, आणि प्रकरण विद्यार्थ्यांचे असेल तर विद्यार्थ्यांनी निवडलेले तीन विद्यार्थी. घटनेपासून तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार द्यायची. लिहिता येत नसेल तर समितीने मदत करायची. नव्वद दिवसांत चौकशी पुरी करायची, आणि तक्रार करणारीचे नाव बाहेर फोडायचे नाही. चौकशी चालू असता तिला तोच वर्ग, तोच माणूस सहन करावा लागू नये अशी सोयही मागता येते. बसथांब्यावरचा परका माणूस या समितीच्या कक्षेत येत नाही, त्यासाठी पोलीस ठाणे. पण समितीतल्या एखाद्या मॅडमना तिने सांगितले असते तर त्या तिच्याबरोबर ठाण्यात गेल्या असत्या, निदान तिच्या घरी जाऊन कॉलेज सोडवू नका एवढे तरी म्हणाल्या असत्या, असे मला वाटते. माझ्या वर्गातील किती जणींना त्या कागदावरची नावे ठाऊक आहेत हे मी विचारून पाहिले. पुढचे लिहीत नाही.

असो. प्लेगमुळे पुण्याच्या सदनात नव्या मुली ठेवण्यास बंदी आली. रमाबाईंनी पूर्वी फळबागेसाठी केडगावला शंभर एकरांच्या सुमारास माळरान घेऊन ठेवले होते. दुष्काळातल्या मुलींना घेऊन त्या तेथे गेल्या. प्रथम राहुट्या आणि झोपड्या, नंतर विहिरी, मग इमारती. १८९८ मध्ये मुक्ती सदन उभे राहिले. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळातून आणखी हजारावर मुली आल्या, आणि माळावर जवळजवळ दोन हजार जणींचे गावच वसले. येथे नुसते अन्न-वस्त्र नव्हते. विणकाम, शिवण, शेती, दूधदुभते, तेलाचा घाणा, छापखाना ही सर्व कामे मुलीच करीत. अंध मुलींना मनोरमाबाई ब्रेल शिकवीत. मुलीला पुन्हा कोणाच्या दयेवर जगावे लागू नये, हा यामागचा हिशेब सरळ दिसतो.

ज्यांच्यावर अत्याचार झाला होता किंवा ज्या फसवल्या गेल्या होत्या अशा स्त्रियांसाठी रमाबाईंनी कृपा सदन नावाचे वेगळे घर काढले. अशा स्त्रियांना आश्रय देणे हेच त्या काळी मोठे धाडस होते. तरी एक गोष्ट खटकते ती लिहिते. त्यांना इतर मुलींपासून निराळे ठेवले जाई आणि कृपा या नावात त्यांच्याकडूनच काही चुकले होते असा सूर उरतो. जिच्यावर अन्याय झाला तिला कृपा कशाची? आमच्या एका प्राध्यापकांशी यावर मी वाद घातला. त्या काळाच्या मापाने मोजावे असे सरांचे म्हणणे. मला ते निम्मे पटले. ज्या बाईने सरकारला कबूल करायला लावण्यासाठी आपली पत पणाला लावली तिला हे एक नाव निराळे सुचू शकले असते.

पुढची वर्षे रमाबाईंनी केडगावातच काढली. मूळ हिब्रू व ग्रीक भाषा शिकून त्यांनी बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर हाती घेतले. त्याची छपाई सदनातल्या मुलींनीच आपल्या छापखान्यात केली. १९१९ मध्ये सरकारने त्यांना कैसर-इ-हिंद पदक दिले. बावीस वर्षांपूर्वी ज्यांनी त्यांना खोटे ठरवले तेच हे सरकार! १९२१ च्या जुलैत मनोरमाबाई आईच्या आधी गेल्या. रमाबाईंनी आणखी नऊ महिने भाषांतराची मुद्रिते तपासली आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेवला.

केडगाव हे पुणे-दौंड मार्गावरचे स्टेशन आहे. मुक्ती मिशनचे आवार तेथे अजून आहे, आणि निराधार स्त्रिया व मुली आजही तेथे राहतात. मार्चमध्ये परीक्षा संपल्यावर आम्ही चौघीजणी तेथे जाऊन यायचे म्हणतो. वाडीपलीकडच्या त्या मुलीलाही मी विचारले आहे. तिने अजून हो म्हटलेले नाही, पण पुढच्या वर्षी पुन्हा प्रवेश घेता येतो का, फॉर्म कधी निघतात, एवढे तिने मला विचारले. तारीख मी फलकावरून लिहून आणून तिला दिली आहे, आणि शेजारच्या कागदावरची नावेही.